एम्ब्रियो फ्रीज करताना भरलेला फॉर्म: खानापूरकडच्या एका जोडप्याचं प्रकरण

नवरा बायको दोघंही खानापूर तालुक्यातले. तो बेळगावच्या उद्यमबागला (कारखान्यांचा भाग) एका फौंड्रीत भट्टीवर कामाला, ती घरी शिवणकाम करणारी, दोघांचं शिक्षण मराठी शाळेत. आमच्याकडे आले तेव्हा लग्नाला सात वर्षं झाली होती. त्यांच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत, मेडिकल भाग आणि फॉर्मचा भाग मात्र जसा घडला तसाच आहे. मी बेळगावात फर्टिलिटी पेशंटांचं काउन्सेलिंग करते, वेगवेगळ्या सेंटरवर ट्रीटमेंट घेणारे लोक माझ्याकडे येतात, त्यामुळे ह्यात ज्या सेंटरचा उल्लेख येईल त्याचं नाव घेणार नाही.

हेच प्रकरण लिहायचं कारण असं की यात ट्रीटमेंट चांगली झाली, डॉक्टरांनी घेतलेला निर्णय बरोबर होता, लॅबनं काम चोख केलं, घरात मुलगी पण आली, आणि एवढं सगळं नीट होऊनसुद्धा ह्या दोघांना सगळ्यात जास्त घोर लागला तो दोन पानी फॉर्मचा, जो पिक-अपच्या (अंडी बाहेर काढायच्या) दिवशी सकाळी घाईगडबडीत त्यांच्याकडून सही करून घेतला होता. एम्ब्रियो (लॅबमध्ये तयार झालेला गर्भ) फ्रीज करायचा फॉर्म पहिल्या इंजेक्शनच्या आधी घरी न्यायला मिळाला पाहिजे आणि आपल्या भाषेत समजून घ्यायला मिळाला पाहिजे, माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्याच्याच आजूबाजूचं आहे.

आधी मेडिकल हिस्टरी. तिचं वय तेव्हा ३१, पीसीओएस (अंडी नीट वाढून सुटत नाहीत असा हार्मोनचा त्रास), पाळी दोन दोन तीन तीन महिन्यांनी, एएमएच (अंडाशयात अंडी किती आहेत त्याचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी) ९ च्या वर. त्याचा शुक्राणूंचा काउंट एका मिलिलिटरला ६० लाखांच्या आसपास, जिथं डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या पुस्तकात खालची मर्यादा १ कोटी ६० लाख धरलीय. भट्टीसमोर आठ आठ तास उभं राहणाऱ्या माणसांचा हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो, बेळगावात फौंड्र्या किती आहेत ते सगळ्यांना माहितीच आहे, आणि अंडकोष शरीराच्या तापमानापेक्षा दोन-चार डिग्री थंड असायला लागतात हे त्या कामावरच्या पोरांना कुणी सांगितलेलंच नसतं. त्यानं सुपरवायझरला सांगून भट्टीवरनं डिस्पॅचला बदली मागून घेतली, नवीन शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात म्हणून तेवढा वेळ थांबून परत टेस्ट केली, काउंट थोडा सुधारला पण आपोआप दिवस राहतील एवढा नाही. त्याच्या आधी सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलून झाला होता, एका हॉस्पिटलात आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) झालं होतं, गावठी औषधं झाली होती, त्यात फार शिरत नाही, आपल्याकडच्या बहुतेक घरांत हीच वाट असते.

२०२२ च्या उन्हाळ्यात आयव्हीएफ (अंडी बाहेर काढून लॅबमध्ये फलित करणं) ठरलं. त्याच वर्षी २५ जानेवारीला नवीन एआरटी कायदा (आयव्हीएफसारख्या उपचारांचा) लागू झाला होता, म्हणजे सेंटरची नोंदणी, बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ च्या आत, लेखी संमती, काउन्सेलिंग हे सगळं कायद्यात आलं होतं. इंजेक्शनं सुरू झाली आणि पीसीओएसमध्ये ज्याची भीती असते तेच झालं, दहाव्या दिवशीच्या स्कॅनमध्ये दोन्ही बाजूला मिळून वीसच्या वर फॉलिकल (अंडी वाढतात त्या पिशव्या) आणि एस्ट्रॅडिऑल हे हार्मोन ५००० च्या पुढे. डॉक्टरांनी अंडी पक्व करायला देतात ते नेहमीचं एचसीजी हार्मोनचं ट्रिगर इंजेक्शन टाळून दुसऱ्या प्रकारचं ट्रिगर दिलं. पिक-अपला २४ अंडी मिळाली, त्यातली १९ पक्व, इक्सी (एकेका अंड्यात एक शुक्राणू सुईनं सोडणं) केल्यावर १४ फलित झाली आणि पाचव्या सहाव्या दिवसापर्यंत सहा ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवस वाढलेले एम्ब्रियो) टिकले. २४ वरनं सहावर आलं म्हणजे काहीतरी चुकलं असं लोकांना वाटतं, त्या सासूबाईंना पण वाटलं, पण ही गळती सगळीकडेच असते आणि सहा ब्लास्टोसिस्ट म्हणजे हातात चांगलंच आलं म्हणायचं.

आणि मग डॉक्टर म्हणाले आत्ता गर्भाशयात काही ठेवायचं नाही, सहाच्या सहा फ्रीज करायचे.

घरात काय झालं असेल बघा. सात वर्षं थांबलेलं घर, पाचव्या दिवशी ठेवणार म्हणून सगळ्या नातेवाइकांना सांगून झालेलं, सासूबाईंनी उपवास धरलेला, आणि आता कळतं की अजून दोन महिने थांबा आणि वर फ्रीजिंगचे वेगळे पैसे भरा. भावकीतला कोणीतरी म्हणाला हे पैसे काढायचं काम आहे. त्याच आठवड्यात तिघं माझ्याकडे आले, तिचं पोट फुगलेलं, चालताना दम लागत होता, आणि खुर्चीवर बसल्या बसल्या सासूबाईंनी विचारलं, "बर्फात घालून ठेवल्यावर कसला जीव ऱ्हातोय ओ अक्का, ताजं ठेवायचं सोडून?"

मी पहिल्यांदा त्यांना सुनेच्या पोटाकडे बघायला सांगितलं. ह्याला ओएचएसएस म्हणतात, अंडाशय एवढे उत्तेजित झालेले असतात की रक्तातलं पाणी झिरपून पोटात साठायला लागतं, रक्त घट्ट होतं, जास्त झालं तर गुठळी होऊ शकते, श्वासाला त्रास होतो, ॲडमिट करायला लागतं. आणि ह्याला खतपाणी घालणारं हार्मोन म्हणजे एचसीजी, जे गर्भ राहिला की त्याच्या वारेच्या पेशी तयार करतात. म्हणजे त्या आठवड्यात एम्ब्रियो ठेवला असता आणि दिवस राहिले असते तर त्याच चांगल्या बातमीनं ती आयसीयूत जाऊ शकली असती. थांबलो म्हणजे चान्स गेला असंही नाही. २०१६ साली चीनमध्ये पीसीओएस असलेल्या दीड हजार बायकांवर मोठा अभ्यास झाला होता, त्यात फ्रेश ठेवलेल्यांमध्ये १०० पैकी ४२ जणींना मूल झालं आणि फ्रोझनमध्ये १०० पैकी ४९ जणींना, आणि ओएचएसएस फ्रेशमध्ये ७.१ टक्के तर फ्रोझनमध्ये फक्त १.३ टक्के. अर्थात हे पीसीओएसवाल्यांचं झालं, पाळी नियमित असणाऱ्या बायकांत नंतर २०१८ मध्ये जे अभ्यास आले त्यात फ्रेश आणि फ्रोझनमध्ये तसा फरक दिसला नाही, म्हणून सरसकट सगळ्यांचेच एम्ब्रियो फ्रीज करणाऱ्यांना कारण विचारायलाच पाहिजे. ह्या केसमध्ये कारण समोर दिसत होतं.

बर्फाचं उत्तर द्यायला मला चिक्कीचा पाक आठवला. पाक हळूहळू निवला आणि ढवळला की त्यात साखरेचे खडे धरतात, घट्ट पाक एकदम थंड केला की काचेसारखा होतो, त्यात खडा धरत नाही. पूर्वी एम्ब्रियो हळूहळू गोठवायचे, त्यात बर्फाचे कण व्हायचे आणि ते कण पेशीला आतून फाडायचे. आता विट्रिफिकेशन करतात, पेशीतलं पाणी काढून त्या जागी संरक्षक द्रव घालतात आणि एका सेकंदाच्या आत द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ डिग्रीत बुडवतात, म्हणजे बर्फ धरायला सवडच मिळत नाही. चांगल्या लॅबमध्ये शंभरातले नव्वद-पंच्याण्णव परत काढल्यावर जिवंत असतात. सासूबाईंना हे पटलं, स्वयंपाकघरातलं असल्यामुळे असेल.

नवऱ्याचा प्रश्न वेगळा होता. "आमच्याकडं पावसाळ्यात झाड पडलं की दोन दोन दिवस लाईट नसते, ह्यांची लाईट गेली की संपलं न्हवं काय सगळं?" प्रश्न अगदी योग्य आहे आणि प्रत्येकानं सेंटरला विचारावा असा आहे. ज्या इन्क्युबेटरमध्ये पहिले पाच दिवस एम्ब्रियो वाढतो तो विजेवर चालतो, त्याला यूपीएस जनरेटर सगळं लागतं. पण फ्रीज केल्यावर ज्या टाकीत ठेवतात ती विजेवर चालतच नाही, ती मोठ्या थर्मासच्या जातीची असते, आत नायट्रोजन असतो, तो हळूहळू उडून जातो आणि ठरलेल्या दिवशी परत भरायला लागतो. त्यामुळे विचारायचं ते लाईटचं नाही, नायट्रोजनची पातळी कोण बघतो, किती दिवसांनी बघतो आणि त्याची वही दाखवता काय हे विचारायचं. त्यानं दुसऱ्याच दिवशी जाऊन विचारलं आणि लॅबवाल्यांनी वही दाखवली, प्रत्येक एम्ब्रियो वेगळ्या काडीत नाव नंबर तारीख घालून ठेवलाय हेही सांगितलं. अशा लॅबबद्दल मनात आदर वाटतो.

हे सगळं विलायतेतनं नवीन आलेलं खूळ आहे असं त्या भावकीतल्या माणसाचं म्हणणं होतं म्हणून मी त्यांना कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचं सांगितलं. ३ ऑक्टोबर १९७८ ला दुर्गा जन्मली, जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीनंतर ७० दिवसांनी, आणि तिचा एम्ब्रियो त्यांनी ५३ दिवस गोठवून ठेवला होता. बाहेरच्या देशात फ्रोझन एम्ब्रियोचं बाळ व्हायला १९८४ उजाडलं. ह्या माणसाला तेव्हाच्या सरकारी कमिटीनं खोटं ठरवलं आणि १९८१ साली त्यांनी आपला जीव दिला. आज बेळगावात, कोल्हापुरात, हुबळीत रोज जे केलं जातं ते ह्या माणसानं साध्या लॅबमध्ये करून दाखवलं होतं, आणि हे सांगताना माझा आवाज दर वेळी जरा चढतोच.

फॉर्म

बोलणं संपत आल्यावर मी विचारलं फ्रीजिंगचा फॉर्म भरला त्याची कॉपी आहे काय. कॉपी कोणीच दिली नव्हती, मागितली पण नव्हती. सेंटरला फोन करून मागवली तेव्हा व्हॉट्सॲपवर दोन पानांचा फोटो आला, सगळा इंग्लिशमध्ये. खाली दोघांच्या सह्या, तिची सही जरा वाकडी कारण तिला तेव्हा ऑपरेशनचा गाऊन घालून सलाईन लावलेलं होतं.

फॉर्ममध्ये साधारण हे विचारलेलं असतं: दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला तर ह्या एम्ब्रियोंचं काय करायचं, दोघं वेगळे झाले तर काय, ठेवायची मुदत संपली किंवा फी भरली नाही तर काय. उत्तरं पण ठरलेली, जोडीदाराला द्यायचे, नष्ट होऊ द्यायचे, किंवा रिसर्चला द्यायचे. हे विचारणं सेंटरची मर्जी नाही, कायद्याच्या २२ व्या कलमात आहे की मृत्यू झाला किंवा कोणी असमर्थ झालं तर काय करायचं ह्याच्या स्पष्ट लेखी सूचना घेतल्याशिवाय एम्ब्रियो फ्रीजच करता येत नाही. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी हा प्रश्न महत्त्वाचा मानलाय. आणि ह्या दोघांच्या फॉर्मवर सगळ्या ठिकाणी रिसर्चवर टिक होती, एकाच पेननं, एकाच हातानं, आणि तो हात ह्या दोघांपैकी कोणाचाच नव्हता. "तिथल्या पोरीनं सांगितलं इथं सही करा, सगळे हेच करतात," एवढंच त्याला आठवत होतं.

त्या पोरीला मी दोष देत नाही, सकाळी सात वाजता चार पिक-अप असतात आणि डॉक्टर आत बोलावत असतात. दोष आहे तो त्या वेळेचा आणि त्या भाषेचा. ह्या भागात एका वेटिंग रूममध्ये कन्नड, मराठी, उर्दू, कोंकणी बोलणारी माणसं बसलेली असतात, रिसेप्शनवर सगळ्या भाषा चालतात, गोळ्या कशा घ्यायच्या ते मराठीत नीट सांगतात, पण ज्या कागदावर माणसाच्या मरणाचं आणि संसार मोडण्याचं विचारलंय तो तेवढा इंग्लिशमध्ये. कन्नडमध्ये पण हवा, मराठीत पण हवा, कायद्यातली संमती ही समजून दिलेली संमती असते आणि न समजता केलेल्या सहीला ती म्हणता येत नाही.

मग मी तो फॉर्म मराठीत समजावून दोन कोऱ्या कागदांवर लिहून दिला आणि दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवलं, सासूबाईंना चहा देऊन बाहेर बसवलं. हे एकत्र बसवून होत नाही. बाई नवऱ्याच्या समोर नवरा मेला तर हे वाक्य तोंडातनं काढतच नाही आपल्याकडे, अशुभ वाटतं, आणि पुरुष बायकोच्या समोर डिव्होर्सच्या रकान्यावर पेन टेकवत नाही.

त्यानं पटकन लिहिलं, मी गेलो तर तिला द्या. ती गेली तर मला द्या. वेगळे झालो तर, इथं काहीच नाही.

तिला वेळ लागला. ती म्हणाली, "हे नसताना मी एकटी पोर वाढवू काय त्या घरात? आणि नको म्हटलं तर सगळे म्हणतील ह्याचं एवढं पण केलं नाही. अक्का, मला तेव्हा काय वाटेल ते आत्ता कसं सांगू?" ह्याच्यापेक्षा खरं उत्तर मी ह्या फॉर्मवर आजपर्यंत ऐकलेलं नाही. तिला मी सांगितलं की जोडीदाराला द्या असं लिहिलं म्हणजे तुझ्यावर सक्ती होत नाही, निर्णय तुझ्या हातात राहतो एवढाच त्याचा अर्थ, तेव्हा तू नको म्हणू शकतेस. हे कळल्यावर तिनं तिथं टिक केली. ती गेली तर काय ह्यावर मात्र तिनं ठाम नष्ट होऊ द्या लिहिलं.

दोघांचे कागद समोरासमोर ठेवले तेव्हा तो दुखावला, म्हणाला माझ्यावर विश्वास नाही काय. मग त्याला कायदा सांगायला लागला. बायको गेल्यावर ते एम्ब्रियो त्याला दिले तरी तो करणार काय? त्यासाठी सरोगसी लागेल, आणि २०२१ च्या सरोगसी कायद्यात लग्न झालेलं जोडपं बसतं किंवा ३५ ते ४५ वयाची विधवा किंवा घटस्फोटित बाई बसते, विधुर पुरुष बसतच नाही. म्हणजे त्याच्या टिकमार्कनं काहीच होणार नव्हतं, टाकीत पडून राहिले असते. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग तिनं लिहिलंय तेच घाला म्हणाला. वेगळे झालो तर ह्या रकान्यात दोघांनी मिळून नष्ट होऊ द्या लिहिलं, एकमेकांकडे न बघता, पण लिहिलं. सेंटरवाल्यांनी आधी एकदा दिलेला फॉर्म बदलत नाही म्हणून सांगितलं, कायद्यातलं कलम दाखवल्यावर नवीन करून दिला, कॉपीसकट.

ट्रान्सफर आणि बाळंतपण

पुढचं पटकन सांगते. दोन महिन्यांनी पहिली ट्रान्सफर, एक एम्ब्रियो काढला, जिवंत निघाला, ठेवला, बीटा (दिवस राहिले काय ते सांगणारी रक्ताची तपासणी) निगेटिव्ह. दुसऱ्या वेळी काढलेला एक टिकला नाही, मग त्याच दिवशी दुसरा काढला, तो चांगला फुलला आणि त्याचीच आज ती मुलगी आहे, २०२३ ची. तीन उरले.

पण बाळंतपण सोपं गेलं नाही. ३४ व्या आठवड्यात बीपी वाढायला लागलं, ३६ व्या आठवड्यात १७०/११०, डोकं ठणकत होतं, डोळ्यासमोर चमकायला लागलं, ॲडमिट करून मॅग्नेशियमची इंजेक्शनं देऊन सिझेरियन करायला लागलं. प्री-एक्लाम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून होणारा धोक्याचा आजार. चीनच्या त्याच अभ्यासात हेही होतं, फ्रोझनमध्ये प्री-एक्लाम्पसिया ४.४ टक्के आणि फ्रेशमध्ये १.४ टक्के, पण फ्रोझनच्या चांगल्या आकड्याबरोबर हा आकडा पेशंटला फार कमी ठिकाणी सांगतात. त्यामागचं एक कारण आता बऱ्यापैकी पुढं आलंय. तिची पाळी नियमित नसल्यामुळे गर्भाशयाचं अस्तर गोळ्यांवर तयार केलं होतं, अशा सायकलमध्ये अंडं फुटत नाही, त्यामुळे अंडं फुटल्यानंतर अंडाशयात जी पिवळी ग्रंथी तयार होते, कॉर्पस ल्युटियम, ती नसते, आणि तिच्यातनं येणारी द्रव्यं गरोदरपणात रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करतात असं दिसतंय. लेट्रोझोलसारखी गोळी देऊन स्वतःचं अंडं फुटू दिलं तर ती ग्रंथी मिळते.

उरलेले तीन

मुलगी सव्वा वर्षाची झाली तेव्हा परत आले, यावेळी सासूबाई आणि दीर पण. फी भरायचा मेसेज आला होता आणि त्यावरनं घरात रोज भांडण. सासूबाईंचं म्हणणं, त्या तिघांत मुलगा कुठला आहे तेवढं बघून सांगा म्हणजे तोच ठेवू. त्यांना शांतपणे पण स्पष्ट सांगितलं की हा गुन्हा आहे, १९९४ च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदान बंदीच्या) कायद्यात पण आणि एआरटी कायद्यात पण, कर्नाटकात पण आणि पलीकडे महाराष्ट्रात पण, कोल्हापूरला गेला म्हणून वेगळं उत्तर मिळणार नाही, आणि कोणी देतो म्हणाला तर तो तुम्हाला पण बुडवेल. नातीला मांडीवर घेऊन त्या हे विचारत होत्या ह्याचं मला वाईट वाटलं आणि ते मी त्यांना सांगितलं पण.

दिरानं मोबाईलवर दिल्ली हायकोर्टाची ऑक्टोबर २०२४ ची बातमी काढून दाखवली, वारलेल्या मुलाचं फ्रीज केलेलं वीर्य आईवडिलांना द्यायला सांगितलं ती, आणि म्हणाला म्हणजे हे घराण्याचंच असतंय की. ती केस अविवाहित मुलाच्या वीर्याची होती, एम्ब्रियोची नव्हती. एम्ब्रियो दोघांचा असतो, आणि कायदा सांगतो की गर्भाशयात ठेवायच्या आधी कुठल्याही क्षणी दोघांपैकी कोणीही एकटा किंवा एकटी संमती मागं घेऊ शकते. सासूची, दिराची सही कुठंच लागत नाही. हे वाक्य मी दोनदा म्हटलं कारण पहिल्यांदा म्हटल्यावर ती माझ्याकडे बघतच राहिली, तिला आजपर्यंत असं वाटत होतं की फी नवऱ्यानं भरलीय म्हणजे ठरवायचं पण त्यानंच.

मग दोघांशी वेगळं बोलले. त्याला दुसरं मूल हवंच होतं, इतका खर्च, इतकी इंजेक्शनं, तीन ठेवलेत आणि ते टाकून द्यायचे म्हणजे काय. तिला एम्ब्रियो टाकायचे नव्हते, पण परत पोटात वाढवायची भीती वाटत होती, रात्री डोकं दुखलं तरी ती उठून बसायची. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दोघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, त्यांचं भांडण ठेवायचे की टाकायचे ह्यावर चाललं होतं आणि प्रश्न होता कधी आणि कुठल्या तब्येतीवर.

इथं फ्रीजिंगचा खरा फायदा कामाला येतो. टाकीत एम्ब्रियोचं वय वाढत नाही, ते तिच्या ३१ व्या वर्षाचेच राहतात. अमेरिकेत १९९२ साली फ्रीज केलेल्या एम्ब्रियोंपासून २०२२ मध्ये जुळी झाली. आपल्याकडे मात्र कायद्यानं दहा वर्षांची मर्यादा आहे, ह्यांच्या केसमध्ये २०३२, त्यानंतर नष्ट होऊ द्यायचे किंवा दोघांच्या संमतीनं रिसर्चला. मर्यादा असावी ह्या मताची मी आहे, पण दहा वर्षं म्हणजे घाई करायचं काहीच कारण नव्हतं. तिचं मात्र वय वाढतं आणि वयाबरोबर बीपीचा धोका पण, म्हणून २०३१ ची वाट बघण्यात अर्थ नाही हेही सांगितलं.

गायनॅकॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांनी सांगितलं एकदा प्री-एक्लाम्पसिया झालेल्या बाईला परत व्हायची शक्यता जास्त असते, पण करता येण्यासारखं बरंच आहे: आधी वजन आणि बीपी आटोक्यात, सिझेरियनचा टाका भरायला पुरेसं अंतर, लेट्रोझोलची सायकल, एकच एम्ब्रियो, आणि दिवस राहिल्यावर बाराव्या आठवड्याच्या सुमारास रोज कमी डोसची ॲस्पिरिन. ॲस्पिरिन म्हटल्यावर ती दचकली, ती डोकेदुखीची गोळी ना. तिला सांगितलं की ह्या गोळीचा सहा देशांत बारा हजारांच्या आसपास बायकांवर जो अभ्यास झाला आणि २०२० साली लॅन्सेट ह्या मेडिकल मासिकात आला, त्यात आपल्या बेळगावच्या जेएनएमसी मेडिकल कॉलेजनं काम केलंय, इथल्याच बायका त्यात होत्या. त्यात पहिलटकरणी होत्या, तिची केस तशी नाही, पण आपल्या भागातल्या बायकांनी गरोदरपणात ही गोळी घेतलीय एवढ्यानं तिला धीर आला.

शेवटी ठरलं ते असं. तिन्ही एम्ब्रियो ठेवायचे. ट्रान्सफरची तारीख तिनं सांगायची, त्यानं विचारायचं नाही, आणि २०२७ च्या दिवाळीपर्यंत तिनं हो किंवा नाही सांगायचं. नाही म्हणाली तर तिन्ही रिसर्चला, कारण रिसर्च म्हणजे दुसऱ्या कोणाच्या पोटात घालणार काय ही जी शंका त्याच्या मनात होती ती निघाली. हे सगळं नवीन फॉर्मवर आलं, ह्या वेळी तो त्यांना चार दिवस आधी घरी दिला होता, तिनं भाचीकडून मराठीत लिहून घेतला, आणि एका ठिकाणी दुरुस्ती करून आणला. सेंटरवाल्यांनी ती दुरुस्ती मान्य केली.

सासूबाई अजून नातवाचं बोलतात. पण फीचा मेसेज आता सुनेच्या मोबाईलवर येतो. तिचं बीपी सध्या गोळीशिवाय १२० च्या आसपास आहे, पाच किलो वजन कमी झालंय, आणि गेल्या वेळी आली तेव्हा तिनं लेट्रोझोल किती दिवस घ्यायची आणि त्या महिन्यात शिवणाच्या मशीनवर बसलं तर चालतं काय एवढंच विचारलं. चालतं म्हणून सांगितलं.